साखळी कुणाची

काफुईला घाणीची किळस येत नसे. म्हणजे लोक ज्याला घाण म्हणतात तिची. गू, मूत, ओकारी, महिनोन् महिने न धुतलेल्या केसांतल्या उवा, लोखंडाखाली चिघळलेला घोटा, हे सगळं तिनं हातमोजे घालून आणि हातमोजे संपले की नुसत्या हातांनी धुतलं होतं. मग घरी जाऊन त्याच हातांनी मक्याच्या पिठाच्या आक्प्लेचा गोळा भेंडीच्या कालवणात बुडवून पोटभर खाल्ला होता. तिला किळस यायची ती धुतलेल्या माणसांची. कडक इस्त्रीचा शर्ट घालून, मानेला पावडर लावून रविवारी चर्चला निघालेली माणसं पाहिली की तिच्या पोटात ढवळायचं. आमच्या गावात अशा माणसांना तोटा नाही, त्यामुळे काफुईचं पोट कायम बिघडलेलंच.

खरं तर तिला सुईण व्हायचं होतं. मार्क थोडे कमी पडले आणि तिला मनाच्या आजारांच्या नर्सिंगला घातलं गेलं. तिची आई दोन दिवस जेवली नाही. "लोकांच्या पोरी बाळंतपणं करतात, आणि माझी पोर वेड्यांना आंघोळी घालणार," असं म्हणून शेजारणीच्या गळ्यात पडून रडली. नंतर कुणी विचारलं तर "नर्स आहे" एवढंच सांगायची आणि लगेच कांद्याच्या भावावर यायची. काफुईसुद्धा सुरुवातीला तोंड वाकडं करूनच गेली होती. पण शिकत असताना वॉर्डात एक शाळामास्तर आला. रेडिओवरचा माणूस आपल्याला नावानं शिव्या घालतो, अशी त्याची खात्री पटलेली. कानात कापूस, त्यावर फडकं, त्यावर टोपी. औषधं सुरू झाली, दिवस गेले, आणि एका सकाळी त्यानं टोपी काढली, फडकं काढलं, कापूस काढला आणि काफुईला म्हणाला, "सिस्टर, एखादा खडू मिळेल का?" त्या दिवशी हे काम तिला चिकटलं ते चिकटलंच.

त्यापायी तिचं लग्न मोडलं. आमच्याकडे लग्नाआधी मुलाकडची माणसं गावभर गुपचूप चौकशी करत फिरतात. घरात कुणी वेडं आहे का, कुणाला फेफरं येतं का, महारोग आहे का, कुणी चोर निघालाय का. काफुईच्या घरात यातलं काही नव्हतं. पण चौकशीला आलेली बाई म्हणाली, "रोज वेड्यांत बसते, थोडं तरी लागणारच की." जसं काही वेड म्हणजे खरूज. मुलगा शिकलेला होता, हिशेबनीस होता, तो काहीच बोलला नाही. काफुईला त्या बाईच्या बोलण्यापेक्षा त्याचं गप्प बसणं जास्त घाणेरडं वाटलं. बरं झालं, सुटले, असं ती म्हणायची, आणि ते खरंही होतं.

तर ही काफुई दर मंगळवारी खाजण ओलांडून पास्टर गॉड्सवेच्या कॅम्पात जायची. गॉड्सवे म्हणजे देवाची वाट. आईबापांनी नाव ठेवलं आणि यानं त्या वाटेवर टोलनाका टाकला. नारळीच्या बनात पत्र्याचं प्रार्थनाघर, आणि बाहेर एकेका झाडाला एकेक माणूस साखळीनं बांधलेला. अंगातलं भूत उपाशी राहिलं की पळतं, म्हणून उपास. उपासानं माणूस अर्धमेला होऊन गप्प पडला, की भूत गेलं म्हणून हालेलुया. काफुईनं एकदा वरच्या ऑफिसात तक्रार केली होती. साहेब गाडीतून आले, पास्टरबरोबर फोटो काढले, कोंबडी-भात खाल्ला, हात धुतले आणि निघून गेले. जाताना एकजण काफुईला म्हणाला, "वातावरण छान आहे हो इथलं." तेव्हापासून तिनं तक्रारी सोडल्या आणि पास्टरशी करार केला. त्यानं तिला इंजेक्शनं देऊ द्यायची, तिनं त्याला आधी सिरिंजवर हात ठेवून प्रार्थना करू द्यायची. माणूस बरा झाला तर श्रेय प्रार्थनेचं.

दर वेळी तो डोळे मिटून, घामेजलेला तळवा तिच्या सिरिंजवर ठेवून मोठमोठ्यानं ओरडायचा, आणि काफुई दात आवळून उभी राहायची. चार माणसांना औषध मिळत होतं ना, मग ओरड बाबा. पण घरी गेल्यावर ती हात घासून घासून धुवायची.

त्या चार माणसांतली एक लेबेने. मासळी धुरावून विकणाऱ्या यावाबाईंची थोरली मुलगी. शिवणकामात तिचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. फुगीर बाह्यांचं पोलकं असं शिवायची की जाड्या बाईला कंबर यावी. आणि एक दिवस तिच्या कानात कुणीतरी बोलायला लागलं की दोऱ्यात विष आहे. मग तिनं शिवलेले कपडे उसवायला सुरुवात केली. गिऱ्हाइकांचे सणाचे कपडे, चर्चच्या बायकांचे गणवेश, सगळं उसवून दोऱ्यांचा ढीग पुरून टाकला. बोटं रक्ताळली तरी थांबेना. यावाबाई म्हणाल्या, जळणाऱ्यांनी करणी केली. झाडपाला झाला, धुरी झाली, आणि शेवटी गॉड्सवेचं नारळाचं झाड.

काफुईनं तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती आपल्याच अंगावरच्या कपड्याची शिवण दातांनी तोडत होती. इंजेक्शनं सुरू झाली. हळूहळू आवाज दूर गेले, मग कुजबुजीवर आले, मग थांबले. औषधानं हात मात्र थरथरायला लागले. त्यावर काफुईनं एक गोळी दिली आणि एका मंगळवारी सुई नि दोरा घेऊन गेली. लेबेनेनं जिभेनं दोरा ओला केला, सुई उजेडाकडे धरली आणि पहिल्याच फटक्यात ओवला. काफुईनं सामान आवरायच्या निमित्तानं तोंड फिरवलं.

पण साखळी निघेना. "भूत गेलंय, मीच साक्ष दिली की चर्चात," पास्टर म्हणाला. "पण साखळी माझी नाही, सिस्टर. घरच्यांनी बांधली, घरच्यांनीच सोडवायची. मी कोण मधला?"

म्हणून काफुई यावाबाईंकडे गेली. यावाबाई मासळीच्या भट्टीपाशी बसल्या होत्या. काफुईला पाहताच त्यांनी तिला आत ओढलं आणि दार लोटलं.

"यावामावशी, पोर बरी आहे," काफुई म्हणाली. "सुईत दोरा ओवते, माझ्याशी गप्पा मारते, इंजेक्शन कधी आहे ते मलाच आठवण करून देते. आता न्या तिला घरी."

"नेणार ना. नेणार नाही असं म्हणतेय का मी? पोटची आहे माझ्या. पण डेलाचं एकदा होऊ दे."

"डेलाचं काय व्हायचंय?"

"लग्न ठरतंय. मुलगा बंदरावर नोकरीला आहे, घराणं मोठं. चौकशा चालू आहेत. अशात ही अंगणात दिसली तर धाकटीचं वाटोळं होईल. झाकली मूठ सव्वा लाखाची, सिस्टर."

"मुठीत तुमची मुलगी आहे, मावशी."

यावाबाईंनी पदरासारखं कमरेचं फडकं सारखं केलं. काफुईनं पुन्हा समजावलं, जसं ती शंभर घरांत समजावायची. "हा आजार आहे. तुम्हाला बीपी आहे ना? रोज गोळी घेता ना? म्हणून तुम्हाला कुणी झाडाला बांधलं का?"

"बीपी माणसाला नागडं करून रस्त्यावर पळवत नाही."

"लेबेने कधी नागडी पळाली?"

"नाही पळाली. पण पळाली असती म्हणजे?"

आता यावर माणसानं काय बोलावं. न पळालेल्या पोरीला पळाली असती म्हणून बांधून ठेवणारी आई, आणि वर तिच्याच डोळ्यांत पाणी. काफुईला त्या रडण्याची शिसारी आली. ती उठली तेव्हा यावाबाईंनी कागदात धुरावलेली मासळी बांधून हातात कोंबली. काफुईनं ती वाटेत कुत्र्यांना टाकली.

पुढच्या खेपेला कॅम्पाजवळ येताच तिला शिवणयंत्राची कटकट ऐकू आली. घरच्यांनी मशीन पाठवलं म्हणजे पोरीची आठवण झाली म्हणायची. ती जवळजवळ पळतच गेली. झाडाखाली चटईवर हाताचं मशीन, शेजारी निळ्या नक्षीच्या कापडाचा डोंगर, वर पांढरी लेस. लेबेने बसून शिवत होती. एक पाय मांडीखाली, दुसरा लांब केलेला, आणि त्या लांब केलेल्या पायातून साखळी नारळाच्या बुंध्याकडे गेलेली.

"आई घेऊन आली," लेबेने मान वर न करता म्हणाली. "पांढरं डेलाचं. निळं बायकांचं, सगळ्या सारखं घालणार. शेजारणींचंही आहे. हाताचं मशीन बरं पडतं, सिस्टर. पाय लागत नाही."

काफुई एका झाडामागे गेली आणि ओकली. इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा. सकाळची पेज, चहा, सगळं. गू-मूत उपसून जे कधी झालं नाही ते एका पांढऱ्या लेसनं केलं. लग्नाचा झगा शिवण्याइतकं डोकं ठिकाणावर आहे, पण लग्नाच्या मांडवात उभं राहण्याइतकं नाही. हा हिशेब कुठल्या आईनं केला असेल? आणि केलाच, तर त्यानंतर तिला घास कसा गेला असेल?

पास्टर मागे येऊन उभा राहिला. "काम केलं की मन रमतं. तुमच्या पुस्तकातसुद्धा हेच असेल की." त्या कापडाच्या ढिगात खाली त्याचा जांभळा अंगरखा होता. तोही शिवायला पडलेला. फुकटचं दिसलं की देवाच्या माणसालाही माप द्यायची घाई होते.

"तू कशाला शिवतेस ग?" काफुई तोंड पुसत येऊन लेबेनेला म्हणाली. "फेकून दे तोंडावर."

"आई म्हणाली, लग्न झालं की दुसऱ्याच दिवशी नेते. मामाही म्हणाला."

"आणि तुझा विश्वास बसला?"

लेबेनेनं टाका घातला, दोरा तोडला. "नाही बसवला तर काय करू, सिस्टर? दिवसभर या झाडाकडे बघू? मशीन आहे तोवर हात तरी माझे आहेत."

काफुईनं इंजेक्शन दिलं. त्या दिवशी पास्टर सिरिंजवर हात ठेवायला आला, तर तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं लांबूनच प्रार्थना उरकली.

मग बाजारातला प्रकार झाला. आमच्याकडे नमस्कार म्हणजे दोन शब्दांत उरकायची गोष्ट नाही. घरचे उठले का, पोरं बरी ना, म्हातारीचा गुडघा काय म्हणतो, सगळं विचारायचं आणि समोरच्यानं सगळ्याला उत्तर द्यायचं. कोर्टात भांडणारे भाऊसुद्धा एवढं करतात. नमस्कार न घेणं म्हणजे तोंडावर थुंकणं. काफुई कांदे घेत होती. समोरून यावाबाई आल्या, बरोबर एक भारदस्त बाई, गळ्यात जाड मणी. काफुईनं रीतीप्रमाणे सुरुवात केली. "यावामावशी, घरचे उठले का?"

यावाबाईंनी मासळीच्या ढिगाकडे पाहिलं, जणू त्यांनी आयुष्यात कधी मासळी पाहिली नव्हती. उत्तर दिलं नाही आणि पुढे चालू लागल्या. उसळवालीचा डाव पातेल्यातच थांबला. बिचारीला वाटलं असेल, ओळख दाखवली नाही म्हणजे कुणाला काही कळणार नाही. अहो, ओळख दाखवली असती तर कुणी ढुंकूनही पाहिलं नसतं. काफुई निम्म्या गावाला नमस्कार करते. न घेतलेला नमस्कार मात्र अख्ख्या बाजारानं ऐकला. ती मण्यांवाली बाई थांबून काफुईकडे नीट बघत राहिली.

ती नवऱ्या मुलाची आत्या होती, व्हिन्सेन्शिया. दोन दिवसांनी अंड्यांची टोपली घेऊन ती दवाखान्यात आली आणि खुर्चीत रेलून बसली.

"तुझं आणि यावाचं काय वाकडं आहे?"

"काही नाही, आत्या."

"मग नमस्कार का नाही घेतला तिनं? मी चौकशी केली. तू वेड्यांची सिस्टर. ज्या घरात काही नसतं ते घर तुला घाबरत नाही. खरं सांग, त्या घरात कुणी आहे का?"

काफुईपुढे क्षणभर सगळं लख्ख उभं राहिलं. आहे म्हटलं तर लग्न मोडणार, आणि त्याचं खापर लेबेनेवर फुटून ती झाडालाच सडणार. नाही म्हटलं तर लग्न होणार आणि पोर त्या 'दुसऱ्या दिवशी'च्या भरवशावर राहणार. शिवाय रोग्याचं बाहेर बोलायचं नाही, हे तिनं शिकताना शपथेवर म्हटलं होतं. ती जे सगळ्यांना सांगायची तेच तिनं सांगितलं. "आत्या, आज मी तुम्हाला दुसऱ्याच्या घरचं सांगितलं, तर उद्या दुसऱ्याला तुमच्या घरचं सांगेन. चालेल का?"

व्हिन्सेन्शियाचं तोंड उतरलं. "तुला कुणी सांगितलं?"

काफुईला कुणीच काही सांगितलं नव्हतं. चोराच्या मनात चांदणं. ती नुसती बघत राहिली. आत्याबाईंनी दाराकडे पाहिलं, आवाज बारीक केला आणि मग ते बाहेर आलं. नवऱ्या मुलाचा थोरला भाऊ. मागच्या खोलीत असतो. महिन्याला बॉर्डरपलीकडे लोमेला नेऊन इंजेक्शन देतात, कुणाला कळू नये म्हणून. "बॉर्डर बंद झाली की खंड पडतो ग. मग भिंतीवर डोकं आपटतो. ते औषध तुझ्याकडे मिळतं का?"

म्हणजे बाई ताकाला आली होती आणि भांडं लपवून बसली होती. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून. काफुईला हसू आलं आणि त्याच श्वासात मळमळलं.

"मिळतं. त्याला घेऊन या," ती म्हणाली. "आणि आत्या, माझं ऐका. लग्नाआधी तुम्ही दोघी विहिणी एकदा दार लावून बसा. तुम्ही तुमचं सांगा, तिचं काही असेल तर ती तिचं सांगेल. काही बिघडणार नाही."

"आधी कोण बोलणार?"

"तुम्ही."

"वा ग शहाणी. आधी जो बोलेल त्याचं नाक खाली. मुलाकडचे आहोत आम्ही." ती उठली आणि जाताना अंड्यांची टोपली उचलून घेऊन गेली. त्या भाच्यालाही तिनं कधी आणलं नाही.

काफुईला डेलाच्या लग्नाचं आमंत्रण नव्हतं, आणि असतं तरी ती गेली नसती. पण लेबेनेनं विनवलं होतं. "सिस्टर, जाऊन बघून या ना. डेलाची कंबर अंदाजानं घेतलीय. तिचं माप घ्यायला तिला इथं आणणार कोण? पाठीत चुणी पडते का तेवढं बघा." म्हणून काफुई शनिवारी मांडवाच्या कडेला जाऊन उभी राहिली. चुणी पडली नव्हती. पांढरा झगा डेलाच्या अंगावर ओतल्यासारखा बसला होता. मांडवभर निळ्या बायका. यावाबाई निळ्यात, मावश्या निळ्यात, उसळवालीसुद्धा निळ्यात. एकीच्याही खांद्यावर शिवण सुटलेली नव्हती.

जिन दारूची बाटली मध्ये ठेवली गेली. मुलाकडचा म्हातारा काठी टेकत उभा राहिला आणि रीतीप्रमाणे विचारता झाला. "या घरात वेड आहे का?" नाही. "फेफरं?" नाही. "महारोग? चोर?" नाही, नाही. मग त्यानं यावाबाईंकडे तोंड केलं. "माउली, तुला लेकी किती?"

हा प्रश्न काही रीतीतला नव्हता. कुणीतरी त्याच्या कानाला लागलं असणार. बोल बाई, काफुईच्या मनात आलं, आता तरी बोल. दोन म्हण. एवढं एक आकड्याचं काम आहे.

"एक," यावाबाई म्हणाल्या. "लेक एकच मला. डेला."

म्हाताऱ्यानं वाळूवर जिन ओतली. पूर्वजांना हाक मारली, की या घरानं शब्द दिलाय, यात खोटं असेल तर तुम्ही बघून घ्या, आणि हा शब्द जो खोटा म्हणेल त्यालाही बघून घ्या. "खरं आहे, खरं आहे," निळ्या बायका म्हणाल्या. ज्या पोरीनं शिवलेल्या पोलक्यात त्यांची छाती मावत होती ती नाहीच, असं त्या सगळ्या एका सुरात म्हणाल्या आणि त्यांच्या अंगावरचा एक टाकाही तुटला नाही. मग मुलाकडच्यांना विचारलं. व्हिन्सेन्शिया आत्या उठल्या, मणी सारखे केले आणि म्हणाल्या, "आमचं घर धुतल्या तांदळासारखं आहे." त्या शब्दावरही जिन ओतली गेली. काफुईसमोर कुणीतरी भाताची ताटली धरली. तिनं ती परत केली. त्या भाताचा वाससुद्धा तिला सहन होईना.

दुसरा दिवस उजाडला, मावळला. सोमवारही गेला. मंगळवारी काफुई कॅम्पात पोचली तेव्हा पास्टर वाटेतच भेटला. "यावाबाईंचा निरोप आलाय. डेला नव्या घरात आहे, आता कळलं तर परत पाठवतील म्हणतात. डेलाला पहिलं मूल होऊ द्या. तोवर राहू दे इथंच. बारशाचे कपडे पण हीच शिवेल."

काफुई थुंकली. एकदा नाही, दोनदा.

लेबेने मशीन पुसत होती. केस विंचरलेले, कपड्यांचं बोचकं बांधून शेजारी ठेवलेलं. शनिवारपासून तसंच असणार. "चुणी पडली?" तिनं विचारलं.

"नाही. सुंदर बसला."

"खूश होती डेला?"

"होती."

"आणि तो प्रश्न विचारतात ना, वेडबिड आहे का म्हणून. तो विचारला?"

काफुईनं इंजेक्शनची पेटी उघडली, बंद केली. रोग्याशी खोटं बोलायचं नाही, हा तिचा एकच धर्म होता. सगळीकडून खोटंच ऐकून ज्यांचं डोकं फिरलेलं असतं त्यांना निदान एक माणूस खरं बोलणारं लागतं, असं ती म्हणायची. तिनं सांगितलं. वेड नाही म्हणाले. मग म्हाताऱ्यानं लेकी किती विचारलं. तुझी आई एक म्हणाली.

लेबेनेनं मशीनच्या चाकावर हात ठेवला. काफुईला धडकी भरली. एवढ्या मेहनतीनं उभं केलेलं माणूस एका शब्दानं कोसळतं, हे तिनं पाहिलं होतं. ती लेबेनेचे डोळे बघत राहिली, ते कुठे भलतीकडे लागतात का म्हणून. ते कुठे लागले नाहीत.

"जिन ओतली का वाळूवर?" लेबेनेनं विचारलं.

"ओतली."

"शब्द खोटा म्हणेल त्यालाही बघून घ्या, हे म्हणाले?"

"म्हणाले."

"पास्टर," लेबेनेनं हाक मारली. आवाज चढलेला नव्हता. तो आल्यावर तिनं साखळीचा पाय पुढे केला. "ही कुणी बांधली?"

"आता हे काय नवीन? तुझ्या घरच्यांनी."

"कुठल्या घरच्यांनी?"

"यावाबाईंनी."

"यावाबाईंना एकच मुलगी आहे. शनिवारी त्यांनी भर मांडवात सांगितलं आणि म्हाताऱ्यानं त्यावर जिन ओतली. सगळं गाव हो म्हणालं. आता मी त्यांची मुलगी आहे असं तुम्ही म्हणताय? म्हणा की मग मोठ्यानं. सिस्टर साक्षीला आहेत."

पास्टरच्या तोंडात येशूचं नाव चोवीस तास असलं म्हणून काय झालं, वाळूवर ओतलेल्या जिनला आमच्याकडे बिशपसुद्धा टरकतो. पास्टरनं काफुईकडे पाहिलं. काफुई म्हणाली, "माझ्याकडे बघू नका. मला एवढंच कळतं, की जिला घर नाही, आई नाही, अशी एक धडधाकट बाई तुम्ही झाडाला बांधून ठेवलीय आणि तिच्याकडून अंगरखे शिवून घेताय. ही साखळी आता कुणाची म्हणायची? तुमचीच की."

तो आत गेला. किल्ली आणून स्वतःच्या हातानं कुलूप काढलं, आणि साखळी तापलेली असावी तशी लांब टाकली. लेबेनेनं घोटा चोळला. तिथली कातडी करडी पडली होती, केळीच्या वाळक्या सालीसारखी. ती उठून उभी राहिली, एक पाय टाकला, दुसरा टाकला, आणि ज्या पायाला साखळी नव्हती तोच पाय आधी लटपटला. काफुई आधाराला पुढे झाली, तर तिनं मानेनंच नको म्हटलं.

काफुईला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. एका आईनं नाकारली म्हणून पोर सुटली, यात आनंद कसला मानायचा? तिच्या तोंडात शनिवारपासूनची कडवट चव तशीच होती. घरी नेऊन तिला कुठे निजवायचं, पुढच्या महिन्याचं इंजेक्शन कधी, मशीन कुठे मांडायचं, एवढाच विचार तिनं केला.

लेबेनेनं चुंबळ करून मशीन डोक्यावर घेतलं आणि बोचकं काखेत मारलं. पास्टर दोघींच्या मागे मागे फाटकापर्यंत आला. त्याच्या कपाळावर घाम होता.

"अग, पण यावाबाई बारशाचं कापड घेऊन येतील," तो म्हणाला. "त्यांना मी काय सांगू?"

"सांगा, त्यांची एकुलती एक मुलगी नवऱ्याच्या घरी आहे," लेबेने म्हणाली. "शिवायचं काय ते तिला सांगा."